ओव्याची डबी



व्याख्यानाचा विषय कळवा असा निरोप आला, तेव्हा मी 'पोट फुगणे' एवढंच कळवलं होतं. दोन दिवसांनी संयोजकांचा फोन आला. पत्रिका छापायला द्यायची आहे, विषय जरा वेगळ्या शब्दांत सांगता येईल का? 'मध्यमवयीन स्त्रीचे आरोग्य : एक चिंतन' असं काही? त्यांचा हेतू चांगला होता. स्मृतिदिनाच्या पत्रिकेवर, आमच्या शाळेतल्या बाईंच्या फोटोखाली 'पोट फुगणे' हे दोन शब्द कसे दिसतील याची त्यांना काळजी वाटत होती. मी म्हटलं, पत्रिकेवर काहीही छापा, मी बोलणार ते पोट फुगण्याबद्दलच. बाईंच्या नावाच्या व्यासपीठावरून ते बोलायला माझ्याकडे कारण आहे.

बाईंनी आम्हाला आठवी ते दहावी गणित शिकवलं. त्यांच्या पर्समध्ये खडूचे दोन तुकडे, चष्म्याचं घर आणि स्टीलची एक चपटी डबी असायची. डबीत भाजलेला ओवा आणि पादेलोण. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला वर्गात शिरता शिरता त्या चिमूटभर तोंडात टाकायच्या आणि तो वास पहिल्या बाकापर्यंत यायचा. आजही घरात ओवा भाजला की मला वर्गसमीकरण आठवतं. त्या डबीचा अर्थ मात्र फार उशिरा कळला. शाळेतल्या शिक्षिकांच्या संडासाला धड कडी नव्हती. म्हणून बाई सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परत जाईपर्यंत पाणी पीत नसत. डबा खायच्या तो तपासायच्या वह्या समोर ठेवून, दहा मिनिटांत. त्यांचा दिवस त्या ओव्यावर निभत होता.

१९९८ च्या जूनमध्ये बाई माझ्या दवाखान्यात आल्या. मी तीस वर्षांची, दवाखाना नवा. बाई पंचावन्नच्या, पाळी जाऊन चार वर्षं झालेली. म्हणाल्या, "पोट फुगतं गं. दोन घास खाल्ले की पुरे वाटतं. दुपारी निऱ्या सैल कराव्या लागतात." जाता जाता म्हणाल्या, हल्ली लघवीलाही सारखं जावं लागतं. मी आम्ल कमी करायची गोळी लिहून दिली आणि म्हटलं, बाई, या वयात होतंच हे. त्यांना झोपवून पोटावर हात ठेवला नाही. माझ्याच शिक्षिका, त्यांना टेबलावर झोपा कसं म्हणू, असा एक खुळा संकोच होता. ऑगस्टमध्ये त्या परत आल्या, सप्टेंबरमध्ये पुन्हा. मी गोळी बदलली. दिवाळीत फराळाला त्यांच्या घरी गेले तेव्हा दारातच माझ्या लक्षात आलं. चेहरा उतरलेला, हात बारीक झालेले आणि पोट मात्र पुढे आलेलं. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं आणि दोन्ही अंडाशयांवर गाठी. त्यानंतर बाई चौदा महिने होत्या.

त्यांची मुलगी पहिल्या रांगेत बसली आहे. तिला विचारून मी हे सांगते आहे. पाच महिने आधी कळलं असतं तर बाई वाचल्याच असत्या, असा दावा मी करणार नाही. त्या आजाराचं गणित इतकं सोपं नाही. पण त्या तीन वेळा समोर बसून जे सांगत होत्या ते मी ऐकलं नव्हतं. मी त्यांचं वय ऐकलं होतं.

आणि 'या वयात होतंच' हे वाक्य खोटंही नाही, हीच त्यातली अडचण आहे. चाळिशी ते पंचावन्न या वयातल्या शंभर बायकांचं पोट फुगत असेल तर त्यांतल्या बहुतेकींना काहीही गंभीर नसतं. मग ते का फुगतं हे त्यांना नीट समजावून सांगायला हवं. आणि थोड्या जणींच्या बाबतीत तीच तक्रार धोक्याची असते. दोन्ही एकाच तोंडानं कसं सांगायचं, हे शिकण्यात माझी पुढची पंचवीस वर्षं गेली.

आपल्या भाषेनं पोटाला किती कामं लावली आहेत बघा. गुपित पोटात ठेवायचं, दुसऱ्याचे अपराध पोटात घालायचे, रडणाऱ्या पोराला पोटाशी घ्यायचं. ही कामं बहुतेक बायकाच करतात. आणि त्याच पोटाची स्वतःची काही तक्रार असली तर ती चारचौघांत बोलायची नाही. महिला मंडळांत बोलायला गेले की शेवटी चिठ्ठ्या येतात. चार घड्या घातलेल्या, खाली नाव नाही. 'पोटात गुबारा धरतो.' 'पोट डब्ब होतं.' 'जेवल्यावर तडस लागते.' 'गॅस वर चढतो.' या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गुबारा म्हणजे आत काहीतरी अडकल्यासारखा ताण. डब्ब म्हणजे पोट खरोखर टणक होऊन वर येणं. तडस थोडंसंच खाऊन लागत असेल तर ती वेगळीच गोष्ट. आमच्या केसपेपरवर मात्र चारींच्या जागी एकच शब्द उतरतो : 'गॅसेस'. बायका अचूक सांगतात, लिहिताना आम्ही पुसून टाकतो.

गॅसचंच आधी बघू. निरोगी माणसाच्या आतड्यात कुठल्याही वेळी साधारण २०० मिलिलिटर वायू असतो, म्हणजे चहाच्या दोन लहान कपांएवढा. दिवसातून दहा-वीस वेळा वारा सरणं ही निरोगी पोटाची खूण आहे. मग संध्याकाळी कंबर दोन-तीन इंचांनी वाढते ती कशानं? बार्सिलोनात फर्नांदो अस्पिरोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचे पोट सपाट असताना आणि फुगलेलं असताना सीटी स्कॅन काढले. अनेकांच्या आतड्यातला वायू फारसा वाढलेलाच नव्हता. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, वर सरकण्याऐवजी खाली दाबला गेला होता आणि पोटाच्या पुढच्या भिंतीचे स्नायू आवळण्याऐवजी सैल पडले होते. आतड्यात जरा ताण जाणवला की शरीर ही उलटी हालचाल करतं, आपल्या नकळत. त्यामुळे पोट खरोखर पुढे येतं. बाईला भास होत नसतो. 'सगळं मनाचं आहे' असं जिला सांगितलं गेलं आहे, तिनं हे लक्षात ठेवावं. याच स्नायूंना उलट वळण लावता येतं हेही त्यांनी दाखवून दिलं. जेवणानंतर सैल बसून, छाती न उचलता सावकाश पोटानं श्वास घेण्याचा सराव त्यातूनच आला आहे.

आता हार्मोन. हा शब्द आपण पाळीशी, बाळंतपणाशी जोडतो. पण माणसाला सापडलेलं पहिलं हार्मोन आतड्यातलं आहे. १९०२ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांना लहान आतड्याच्या अस्तरातून निघणारा एक पदार्थ सापडला. तो रक्तातून स्वादुपिंडापर्यंत जातो आणि पाचक रस सोडायला लावतो. त्याचं नाव सिक्रेटिन. 'हार्मोन' हा शब्दच स्टार्लिंग यांनी त्यानंतर, १९०५ साली वापरात आणला. म्हणजे आतडं आणि हार्मोन यांचा संबंध आज कुणी नव्यानं जोडलेला नाही.

पाळीच्या चक्रात अंडं सुटलं की अंडाशय प्रोजेस्टेरॉन तयार करतं. गर्भ राहिला तर गर्भाशयाचा स्नायू शांत राहावा म्हणून ते लागतं. आतड्याचा स्नायू त्याच जातीचा, तोही मंदावतो. गरोदरपणात संडासला खडा होतो, पाळीच्या आधीच्या आठवड्यात पोट जड वाटतं, ते यामुळे. हा तालाचा भाग असतो आणि वीस-पंचवीस वर्षांत आतडं त्या तालाला सरावलेलं असतं. चाळिशीनंतर ताल बिघडतो. एखाद्या महिन्यात अंडं सुटतच नाही, मग त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन जवळजवळ नाहीच. इस्ट्रोजेन मात्र सरळ उतरत जात नाही. कधी ते विशीतल्यापेक्षाही जास्त चढतं, पुढच्या महिन्यात तळाला जातं. ही चढउतार साधारण चार वर्षं चालते, काहींची बरीच लांबते. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं म्हणायचं. भारतातल्या बायकांचं हे सरासरी वय ४६-४७ आहे, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. सुश्रुतसंहितेनं पाळीचा काळ १२ ते ५० वर्षं असा धरला आहे. पाळी गेल्यावरही आयुष्याची बरीच वर्षं उरतात, आणि त्यांची तयारी कुणी करून देत नाही.

इस्ट्रोजेनचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, आतड्याच्या भिंतीत आणि तिथल्या मज्जातंतूंत आहेत. आतड्याला १० कोटींहून जास्त मज्जापेशींचं स्वतःचं जाळं आहे आणि शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन तिथेच बनतं. आतडं किती वेगानं हलायचं, ताण किती जाणवायचा, यात त्याचा वाटा आहे. इस्ट्रोजेन वरखाली झालं की हे सगळं हलतं. कालपर्यंत पचणारी तीच उसळ आज जड जाते, ती यामुळे. उसळ तीच असते, तिचा ताण मोजणारा काटा जास्त हळवा झालेला असतो. त्यात रात्री अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, झोप मोडते. झोप मोडलेल्या माणसाचं पोट दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं, हे कुठल्याही वयात खरं आहे.

मनाचंही सांगते, पण 'मनाचं आहे' या अर्थानं नाही. एक्स-रेचा शोध लागून वर्षभर झालं असेल, तेव्हा हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन त्यांच्या जठराची हालचाल पडद्यावर बघत होता. त्यानं १८९८ साली लिहून ठेवलं की मांजर घाबरलं, चिडलं की जठराच्या लाटा थांबतात. शांत झालं की पुन्हा सुरू होतात. चाळिशी-पन्नाशीतल्या बाईच्या घरी याच वर्षांत काय चाललेलं असतं? मुलांची बारावी, सासूचं मोडलेलं खुब्याचं हाड, नवऱ्याची सुटलेली किंवा सुटू घातलेली नोकरी. तिच्या जठराच्या लाटा दिवसातून किती वेळा थांबत असतील?

आणखी एक गोष्ट हल्ली फार कानावर येते, म्हणून सांगते. यकृत इस्ट्रोजेनला एक गाठोडं बांधून पित्तातून आतड्यात सोडतं, बाहेर टाकण्यासाठी. आतड्यातले काही जिवाणू ते गाठोडं सोडतात आणि थोडं इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात जातं. या जिवाणूंच्या अशा जनुकांच्या समूहाला २०११ साली प्लॉटेल आणि ब्लेझर या संशोधकांनी 'इस्ट्रोबोलोम' असं नाव दिलं. शोध सुंदर आहे. पण त्याच्या जोरावर हजारो रुपयांच्या शौचाच्या चाचण्या आणि 'हार्मोन संतुलित करणाऱ्या' जिवाणूंच्या कॅप्सुला विकल्या जात आहेत, आणि माझ्याकडे येणाऱ्या बायका भिशीचे पैसे त्यात घालून येतात. त्या चाचणीच्या कागदावरून आज कुठलाही डॉक्टर उपचार ठरवू शकत नाही. ते पैसे ठेवा. घरचं ताक आहे, नाचणीची आंबील आहे.

आता स्वयंपाकघरात जाऊ, माझं खरं काम तिथेच असतं.

कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडणारा पाचक रस माणसाच्या लहान आतड्यात नाहीच. मग त्या मोठ्या आतड्यात जातात आणि जिवाणू त्यांचा वायू करतात. आपल्या आज्या मटकी रात्री भिजवून, पाणी ओतून देऊन, फडक्यात बांधून मोड आणायच्या. बी रुजताना त्या साखरा स्वतःच वापरून टाकतं. वालाचं बिरडं करताना मोड काढून, सालं सोलून घ्यायची ती मेहनत नुसत्या चवीसाठी नव्हती. आता घाईत चणे-राजमा दोन तास भिजवून, त्याच पाण्यासकट कुकरला लावतात. 'मला कडधान्य सोसत नाही' म्हणणाऱ्या अर्ध्याअधिक बायकांना मी उसळ बंद करायला सांगत नाही. भिजवण्याचं पाणी फेका, मोड आणा, वाटीऐवजी अर्धी वाटी घ्या, हिंगाची फोडणी द्या. महिनाभरात त्या परत सांगायला येतात.

ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात सू शेफर्ड आणि पीटर गिब्सन यांनी वायू करणाऱ्या अशा सगळ्या साखरा एकत्र मांडल्या. त्या यादीत गहू, कांदा आणि लसूण बरेच वर आहेत. आपल्याकडे काय झालं? ज्वारी-बाजरीची भाकरी हे या मुलखाचं जेवण होतं. रेशनवर गहू आला, पोळी प्रतिष्ठेची झाली, भाकरी थापायला वेळ लागतो म्हणून मागे पडली. आता तिन्ही त्रिकाळ गहूच : सकाळी चहाबरोबर बिस्किट किंवा टोस्ट, दुपारी पोळी, रात्री पोळी. दोन आठवडे रात्रीच्या पोळीच्या जागी भाकरी ठेवून बघा, एवढंच मी सांगते. त्यात एक सावधगिरी आहे. ही यादी जन्मभर पाळायची नसते. तीन-चार आठवडे सोडायचं, मग एकेक पदार्थ परत आणून आपल्याला नेमका कोणता सोसत नाही ते शोधायचं. मोबाइलवर यादी बघून वर्षभर निम्मं जेवण सोडून बसलेल्या, रक्त कमी झालेल्या बायका मी पाहते. त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण आधीच त्या सगळ्यांच्या मागून, उरलेलं जेवतात.

ते मागून जेवणंही याच विषयात येतं. दुपारी तीनला गार झालेलं जेवण, उभ्यानं, टाकायला नको म्हणून मुलांच्या ताटातलं. मग रात्री दहाला दुसरं जेवण आणि लगेच आडवं होणं. जोडीला सकाळपासून रिकाम्या पोटी तीन चहा. उपवास आले की साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे. साबुदाण्यात पिष्टमय पदार्थाशिवाय जवळपास काही नसतं, चोथा तर नाहीच. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण उगीच आली नाही. संकष्टी, सोमवार, एकादशी, नवरात्र धरून वर्षातले किती दिवस होतात मोजा. उपवास सोडा असं मी सांगत नाही, श्रद्धा ज्याची त्याची. भगर, राजगिरा, ताक आणि फळं यांवर तो होतो, एवढं सांगते.

पंचेचाळिशीला हाडांसाठी दूध सुरू करायचा सल्ला मिळतो. रात्री झोपताना मोठा पेला. आपल्याकडे मोठेपणी दुधातली साखर नीट न पचणारी माणसं फार आहेत. पेला बंद केला की पोट उतरतं. दही-ताकात जिवाणूंनी त्या साखरेचा काही भाग आधीच फोडलेला असतो, ते चालतं. आणि १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. औषधंही बघायला हवीत. लोहाच्या गोळीनं खडा होतो, कॅल्शियमच्या गोळीनं होतो, मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं पोट फुगतं. थायरॉइड मंदावला असेल तर आतडंही मंदावतं, आणि तो या वयात बायकांत वारंवार मंदावतो. 'गॅसची गोळी' म्हणून दुकानातून आणून वर्षानुवर्षं घेतली जाणारी गोळी आम्ल कमी करते, वायू नाही. बाईंना मी तीच दिली होती.

आणि शतपावली. जेवणानंतर सावकाश चाललं की आतड्यातला वायू पुढे सरकतो, हे अभ्यासांनी दाखवलं आहे. पण रात्री जेवणं झाल्यावर शतपावलीला कोण बाहेर पडतं? ओटा कोण आवरतं?

पाणी न पिण्याबद्दल मी मघाशी बोलले. २०११ साली मुंबईत बायकांनी 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली, सार्वजनिक मुताऱ्यांसाठी. त्या मागणीकडे लघवीपुरतं पाहिलं गेलं. पण संडासची वेळ वर्षानुवर्षं मारत राहिलं की मलाशय हाक द्यायचंच थांबतं. कंडक्टर बाई, भाजीवाली, शाळेतली शिक्षिका, बांधकामावरची मजूर. पंचवीस वर्षं 'आता नको, घरी गेल्यावर' असं सांगितलेलं आतडं पन्नाशीत ऐकेनासं होतं. त्यात बाळंतपणात ताणलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि इस्ट्रोजेन उतरल्यावर पातळ झालेली तिथली त्वचा. कुंथताना जे स्नायू सैल व्हायला हवेत ते आवळले जातात. अशा बाईला जुलाबाचं औषध देत राहणं व्यर्थ आहे. कमोडपुढे पायाखाली पाट घेऊन गुडघे वर आणले तर मलाशयाचा कोन सरळ होतो, आणि त्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट आता जिल्ह्याच्या ठिकाणीही भेटतात.

पाश्चात्य देशांत पोटाच्या या चिवट तक्रारी, ज्यांना आम्ही आयबीएस म्हणतो, बायकांत पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतात. भारतातल्या रुग्णालयांच्या जुन्या नोंदींत मात्र पुरुषच जास्त. आपल्या बायकांची आतडी काही वेगळी नाहीत. पोटासाठी शहरातल्या डॉक्टरकडे जायला कुणाला पैसे आणि सुट्टी मिळत होती, ते त्या नोंदींतून कळतं.

आणि ज्या पोचल्या त्यांचं काय झालं? २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याचं उघड झालं. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. बऱ्याचशा तिशी-चाळिशीतल्या. ओटीपोट दुखतं, अंगावरून पांढरं जातं, पोट जड वाटतं अशा तक्रारी घेऊन त्या गेल्या होत्या. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीला सुट्टी नाही, खाडा झाला की दंड. पिशवी काढली की कटकट गेली, आणि कॅन्सरची भीती घातली की सही मिळते. अंडाशयंही काढली असतील तर चार वर्षांत हळूहळू होणारी ती चढउतार एका दुपारी उरकते. नुसती पिशवी काढली तरी अंडाशयांचं काम थांबण्याचं वय अलीकडे येतं. पस्तीस वर्षांची बाई पंचावन्नची हाडं आणि पंचावन्नचं पोट घेऊन पुन्हा कोयता उचलते. यातल्या काही बायका माझ्याकडे पोट फुगतं म्हणून आल्या आहेत. त्यांना भाकरी खा आणि शतपावली करा असं सांगताना माझी जीभ जड होते.

हार्मोनच्या गोळ्यांबद्दल चिठ्ठ्यांत नेहमी विचारलं जातं. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला आणि जगभर भीती पसरली. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या आणि वाफांनी हैराण झालेल्या निरोगी बाईसाठी ते उपचार आज विचारात घेतले जातात, तिचा इतिहास तपासून. पोट फुगण्यावरचं ते औषध नव्हे. सुरुवातीला त्यानंच पोट फुगू शकतं.

आता बाईंकडे परत येते. तीन पोटं ओळखायला शिका. सकाळी सपाट आणि संध्याकाळी फुगलेलं, हे बहुतेकींचं. सकाळ-संध्याकाळ तेवढंच, ती चरबी; इस्ट्रोजेन उतरलं की मांड्यांवरची चरबी कमरेला येते. आणि आठवड्यामागून आठवडे वाढत जाणारं, सकाळीही न उतरणारं, हे तिसरं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेनं २०११ साली डॉक्टरांसाठी सूचना काढली : पोट फुगणं, थोडं खाऊन पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीची घाई यांपैकी काही एखाद्या बाईला, विशेषतः पन्नाशीनंतर, महिन्यात १२ पेक्षा जास्त वेळा होत असेल तर सीए-१२५ ही रक्ताची तपासणी करा, ती वाढलेली असेल तर सोनोग्राफी करा. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेल्या तक्रारीला आयबीएस म्हणण्याआधी हे करा, असंही त्यात आहे. या चार तक्रारींपैकी तीन बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितल्या होत्या. तक्रार नसलेल्या बाईनं मात्र घाबरून ही तपासणी करत सुटू नये. ब्रिटनमध्ये दोन लाख बायकांवर झालेल्या अभ्यासात अशा सरसकट तपासणीनं मृत्यू कमी झाले नाहीत; ते २०२१ साली जाहीर झालं.

शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी होणं, रात्री पोटदुखीनं जाग येणं यांसाठी थांबायचं नाही. आणि 'गॅस छातीत चढला' म्हणून घाम फुटला, जबड्यात, पाठीत, डाव्या हातात कळ गेली तर ओवा खायचा नाही, सोडा प्यायचा नाही, इसीजी काढायचा. बायकांचा हृदयविकाराचा झटका पुष्कळदा गॅसच्या नावाखाली घरातच राहतो.

आता दवाखान्यात मी प्रत्येकीला आधी टेबलावर झोपवते, पोटावर हात ठेवते, मग बोलते. आणि एक वही लिहायला सांगते. तारीख, पोट फुगलं का, सकाळी उतरलं का, काय खाल्लं, किती वाजता, झोप कशी लागली, पाळी कधी आली. एका ओळीत, महिनाभर. बाई वर्गात सांगायच्या की तोंडी केलेलं गणित पटत नाही, पायऱ्या लिहा. महिन्याच्या शेवटी बारा खुणा आहेत की चार, हे लिहिणारीला स्वतःलाच दिसतं. मग समोरच्या डॉक्टरला तिचं वय ऐकून भागत नाही, वही वाचावी लागते. बाईंच्या मुलीनं गेल्या वर्षी पन्नाशी ओलांडली. तिची वही मी दर महिन्याला बघते. मार्चमध्ये नऊ खुणा होत्या, रात्रीची पोळी बदलल्यावर मेमध्ये तीन. बाईंची ती डबी आता तिच्या पर्समध्ये असते, ओव्यासकट. ओव्याशी माझं काही भांडण नाही.

बाहेर जाताना दारात प्रत्येकीला तीस ओळींचा एक कागद मिळेल. पुरुष मंडळींनीही घरच्यांसाठी न्यावा. अजून पाऊण तास सभागृह आपल्याकडे आहे आणि मी इथेच आहे. संयोजकांनी प्रश्नांसाठी चिठ्ठ्या वाटल्या आहेत, त्या कृपा करून बाजूला ठेवा. माइक मागच्या रांगेपासून फिरवा. ज्यांना विचारायचं असेल त्यांनी उभं राहून, आपल्या शब्दांत विचारा. त्या तिकडे, निळ्या साडीतल्या ताई, तुम्ही मघापासून हात अर्धा वर करून खाली घेता आहात. तुमच्यापासून सुरू करू.